परसों आलेला माणूस

१

रविवारी सकाळी सात वाजता आवडाबाई खरात यांनी कासवाच्या पिंजऱ्याचं कुलूप काढलं आणि दवानं भिजलेलं गवत बदलायला हातात घेतलं. गवताखाली कासव नव्हतं. त्या जागी मातीच्या थाळीसारखा एक परळ पालथा घातलेला होता.

कुलूप शाबूत होतं. जाळी कुठंही कापलेली नव्हती.

जागा पुंडलिकनगरच्या मागची, कॉलनीच्या मोकळ्या भूखंडावरची. तिथं रहिवाशांनी वर्गणीतून छोटी प्राणिबाग उभी केली आहे. फलकावर ‘मुक्या जिवांची बाग’ असं नाव आहे. बोलताना सगळे मुकी बागच म्हणतात. तिकीट नाही. येणाऱ्यानं मूठभर पाला आणायचा, एवढीच रीत. आत ससे आहेत, बदकं आहेत, एक लंगडं शिंगरू आहे, आणि कुणाचा तरी धंदा बुडाल्यावर सोडून दिलेला एक एमू पक्षी आहे.

कासव बागेचं नव्हतं. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं ते जमिनीवरचं कासव वनखात्यानं मांत्रिकांच्या एका टोळीकडून जप्त केलं होतं आणि खटला संपेपर्यंत बागेकडं सांभाळायला दिलं होतं. एरवी अशा कासवाला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार नखं असतात. याच्या मागच्या पायांनाही पाच-पाच होती. वीस नखांचं कासव पैशांचा पाऊस पाडतं, या समजापायी ते पकडलं गेलं होतं.

बागेच्या पशुवैद्य डॉ. मेघा दांडगे यांना पहिला फोन आला तो समितीच्या सचिवांचा. सचिव बन्सी तुपे, निवृत्त शिक्षक.

“डॉक्टर, कासव गेलं. पिंजरा बंद अन् कासव नाय. मला काय इचारू नका, थंडी पडल्यापासून मी बागेकडं फिरकलोच नाय, दम्यानं घर सुटंना झालंय. शेळके पोलिसांचं नाव काढायलेत. तुम्ही आधी या.”

मेघा पोचली तेव्हा फाटकाशी रऊफ चाचांचा भाजीचा गाडा लागला होता. बागेत जाणारे पाला त्यांच्याकडूनच घेतात. चाचा गाड्याचं चाक दगडावर चढवत होते. चाक अडून बसलं होतं.

“नवा गाडा घ्या आता, चाचा.”

“नवाच है ना, डाक्टर बेटी. परसोंच तो लिया.”

चाकाचे आरे गंजून तांबडे पडले होते. मेघाला हसू आलं. तिनं मेथीची जुडी घेतली आणि आत गेली.

पिंजऱ्यापाशी बागेची राखण करणाऱ्या आवडाबाई उभ्या होत्या. जांभळा स्वेटर अंगात होता, तरी त्या कापत होत्या. समितीचे अध्यक्ष इंद्रजीत शेळके फोन कानाला लावून फेऱ्या मारत होते. फोन ठेवून ते म्हणाले, “वनखात्याचे साहेब पाचला येतायत. तक्रार लिहून तयार ठेवतो. नावासकट.”

“नाव कळलं?”

“कळलं की. सांडू. यांचाच पोरगा.”

२

सांडू खरात. वय सव्वीस. दीड वर्षापूर्वी महिनाभर त्यानं त्या मांत्रिकांची जीप चालवली होती. मागच्या सीटखालच्या खोक्यात काय आहे ते कळल्यावर त्यानंच वनखात्याला खबर दिली. खटल्यात तो साक्षीदार आहे. सध्या वाळूजला टेम्पोवर आहे, आणि एसटीच्या चालकपदासाठी त्याची निवड झाली आहे. पोलिसांची चारित्र्य पडताळणी तेवढी बाकी आहे. तक्रारीत नाव आलं तर ती निवड गेली, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

“ज्यानं पकडून दिलं तोच चोरील व्हय?” आवडाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. “अध्यक्ष, तुमीच त्येचा सत्कार केलता. नारळ दिलता.”

“नारळ दिला म्हणून काय आंधळं व्हावं का आम्ही?” शेळके मेघाकडं वळले. “हे बघा डॉक्टर. किल्ल्या दोन. एक यांच्या कमरेला, एक हापिसात खिळ्याला. कुलूप तुटलेलं नाही. मी फाटकावर रऊफ चाचाला विचारलं, कुणी बाहेरचं दिसलं का. त्यानं सरळ सांगितलं, सांडू परवा आला होता. अंधारात. हातात थैली. परवा म्हणजे शुक्रवार. आणि आवडाबाई काय म्हणतात? पोरगा दिवाळीपासून इकडं आलाच नाही. आता खोटं कोण बोलतंय?”

“मी न्हाय,” आवडाबाई म्हणाल्या.

“चाचाचं तुमच्याशी वैर आहे का?”

“न्हाय. भला माणूस हाय.”

“मग?”

शेळके थांबले नाहीत. “आणि खोलीचं म्हणाल, तर हा प्रकार झाल्यावर समितीला विचार करावाच लागंल.”

बागेच्या कोपऱ्यातल्या एका खोलीत आवडाबाई राहतात. ती खोली ओपन जिमच्या सामानासाठी हवी, असं शेळके दिवाळीपासून बैठकीत बोलत होते. मेघाला ते आठवलं.

“अध्यक्ष, पाच वाजेपर्यंत नाव लिहू नका,” ती म्हणाली.

“पाचला एक मिनिट कमी नाही, जास्त नाही. साहेब विचारणार, कुणावर संशय? मी काय सांगू, कासव उडून गेलं?”

मेघानं आवडाबाईंना बाजूला घेतलं. “मावशी, मला खरं सांगा. सांडू शुक्रवारी आला होता?”

“डॉक्टरताई, मी बाबासाहेबांच्या फोटोवर हात ठेवून सांगीन. न्हाय आला.”

“मग चाचा का म्हणतात?”

आवडाबाईंनी स्वेटरची बाही ओढून बोटांवर घेतली. “त्येच मला बी समजंना. म्हातारा खोटं बोलत न्हाय.”

३

कार्यालयात बन्सी तुपे खुर्चीत बसून होते. गळ्याला मफलर, टेबलावर दम्याचा पंप. समोर शेळक्यांनी अर्धवट लिहिलेली तक्रार पडली होती. संशयिताच्या जागी अजून रिकामी ओळ होती.

“सर, कासव शेवटचं कुणी बघितलं?”

“मीच,” तुपे म्हणाले. “शुक्रवारी. दिवेलागणीला.”

“जिवंत? धडधाकट?”

“चांगलं होतं की. जास्वंदीची फुलं नेली होती घरची. माझ्या हातानं खाल्ली. दोन फुलं सबंध.”

“म्हणजे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ते पिंजऱ्यात होतं.”

“होतं. आता त्याच्यानंतर अंधारात कोण आलं, ते चाचांनी सांगितलंच आहे.” त्यांनी पंप उचलला, तोंडाला लावला नाही, परत ठेवला. “मला आवडाबाईचं वाईट वाटतं हो. बाई चांगली आहे. पण पोरांचं काय सांगावं. एकदा संगत लागली की लागली.”

“पिंजरा कुणी उघडून दिला तुम्हाला?”

“खिळ्याची किल्ली घेतली. आवडाबाई बदकांकडं होत्या. त्यांना कशाला त्रास.”

“तुमच्या मोनालीची तब्येत कशी आहे?”

प्रश्न सहज होता. तुप्यांची मुलगी मोनाली दोन महिन्यांपासून माहेरी आहे, हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे. तुपे खिडकीकडं बघू लागले.

“आहे. पडून असते.”

बाहेर एमूनं जाळीला धडक दिली. तुपे दचकले. त्यांच्या हाताखालचा कागद जमिनीवर गेला. मेघानं तो उचलून दिला. ती रिकामी ओळ तिला दिसली, आणि तुप्यांनाही.

“डॉक्टर,” ते म्हणाले, “शेळके पाचला लिहितीलच ना नाव?”

त्या आवाजात काळजी होती. पण ती नाव लिहिलं जाईल याची होती, की लिहिलं जाणार नाही याची, हे मेघाला त्या क्षणी ठरवता आलं नाही.

४

बागेचा कानाकोपरा धुंडाळण्यात दुपार झाली. परळ अजून पिंजऱ्यातच होता. मेघानं तो उचलून उलटा केला.

आतल्या बाजूला काळ्या मातीचा थर वाळून चिकटला होता. त्या मातीत पांढुरक्या बारीक मुळांचं जाळं होतं. तिनं नखानं खरवडलं. मुळं गव्हाची होती. एका ठिकाणी दाण्याचं फोलपट अजून तसंच होतं.

नवरात्रात घट बसतात तेव्हा अशा परळात माती घालून धान्य पेरतात. दसऱ्याला घट उठले की परळ विहिरीत किंवा तळ्यात सोडायचा. काही घरांत तो तसाच राहून जातो.

तिनं शेळक्यांना हाक मारली. “अध्यक्ष, तुमच्याकडं घट बसतो?”

“बसतो की. का?”

“परळात?”

“नाय. आमच्यात वेताची टोपली. आईपासून तेच.” त्यांनी परळाकडं बघितलं. “हा कुणाचा?”

“ते माहीत नाही. आवडाबाईंचा नाही. त्यांच्याकडं घट बसत नाही.”

शेळके म्हणाले, “पोरानं कुठनं तरी उचलला असंल. तळ्याकाठी ढीग पडलेला असतो.”

हे खरं होतं. परळानं कुणी सुटत नव्हतं आणि कुणी अडकत नव्हतं. पण त्यानं एक गोष्ट सांगितली. आलेला माणूस कासव उचलून पळाला नव्हता. गवताखाली कासवाएवढा उंचवटा दिसत राहावा, याची त्यानं तजवीज केली होती. एका रात्रीच्या चोराला तिची गरज नसते. ज्याला चोरी बरेच दिवस कळू द्यायची नाही, त्याला ती असते.

आणि कळण्याचा मार्गही नव्हता. संक्रांतीच्या सुमाराला थंडीची लाट आली, तेव्हा मेघानंच आवडाबाईंना बजावून सांगितलं होतं: गवत घाला, हलवू नका, उठवू नका. थंडीत ते सुस्त पडतं. उन्हं चढल्यावर एखाद वेळी तोंड हलवील. सूर्य कलला की त्याच्यापुढं काहीही ठेवा, मान बाहेर काढणार नाही.

मेघा जागच्या जागी थांबली.

“मावशी, शुक्रवारी गार किती होतं?”

“लई. बदकांचं पाणी सकाळी बोटाला झोंबत व्हतं.”

“आणि संध्याकाळी?”

“मी शेकोटी केली की. तुपे सरांच्या घरचं धुणं वाळंना, म्हून पारूबाई हितं तारेवर टाकाया आल्त्या, त्या बी शेकत बसल्या.”

“तुपे सर आले होते?”

“न्हाय दिसले. पर मी बदकांकडं असंन.”

मेघानं घड्याळ बघितलं नाही. ती थेट फाटकाकडं गेली. आतापर्यंत तिनं चाचांचं म्हणणं ऐकलं होतं ते शेळक्यांच्या तोंडून. चाचांच्या तोंडून एकदाही नाही.

५

रऊफ चाचा गाजरांवर पाणी शिंपडत होते.

“चाचा, सकाळी अध्यक्षांनी तुम्हाला काय विचारलं?”

“पूछे, कोई बाहर का आया क्या. मैं बोला, आया ना. सांडू आया था परसों. अंधेरा पड गया था. हाथ में थैली थी.” त्यांनी पाण्याचा डबा खाली ठेवला. “कायकू? कुछ गलत बोला क्या मैं?”

मेघा उस्मानपुऱ्यात वाढलेली. शेजारच्या हमीदा खालांच्या घरात तिचं अर्धं बालपण गेलं. खालांचं लग्न परसों झालेलं असायचं, निजामाचं राज्य परसों गेलेलं असायचं, आणि मेघाचे दुधाचे दातही परसोंच पडलेले असायचे. त्या घरात काल म्हणजे काल, आणि कालच्या मागचा सगळा काळ म्हणजे परसों. हे ती विसरली नव्हती. सकाळपासून तो शब्द तिच्यापर्यंत मराठी होऊन येत होता, इतकंच. आणि ज्या एका वेळी तो मूळ रूपात आला, तेव्हा ती गंजलेल्या चाकाला हसली होती.

“चाचा, हा गाडा कधी घेतला म्हणालात?”

“परसों.”

“म्हणजे किती वर्षं झाली?”

“होंगे छे-सात.”

“आणि तुमच्या लेकीचं, नजमाचं लग्न?”

“वो बी परसोंच हुआ. नवासा इस्कूल जाता अब. ऐसा कायकू पूछ री बेटी?”

“सांडू आला तेव्हा फाटकावर काय होतं? आठवतं?”

चाचांनी फाटकाकडं मान वळवली, जणू ते अजून तिथं लटकत असावं. “कंदील था ना. लाल वाला. दिवाली का. सांडू उसके नीचेच खडा था. थैली में से स्वेटर निकाल के दिखाया मेरेकू. जामुनी रंग का. बोला, अम्मा को ठंडी बहोत लगती. मैं बोला, मेरे वास्ते बी लाता तो क्या बिगडता था तेरा.”

मेघानं मागं वळून पाहिलं. आवडाबाई जाळीपाशी उभ्या होत्या. जांभळ्या बाहीत बोटं दडवलेली.

“या शुक्रवारी कुणी आलं होतं का, चाचा? जुम्म्याला?”

“जुम्मे को शाम में मैं गाडाच नै लगाता. मस्जिद जाता, बाद में घर.”

साडेतीन वाजले होते. शेळक्यांचा फोन पुन्हा वाजत होता. वनखात्याची गाडी क्रांती चौकापर्यंत आली होती. साहेब वेळेआधी येत होते.

६

कार्यालयात चौघं होते. शेळके, तुपे, दाराशी आवडाबाई, आणि मेघा.

“सांडू शुक्रवारी आला नव्हता,” मेघा म्हणाली. “चाचा दिवाळीबद्दल बोलत होते. ते परसों म्हणाले. तुम्ही परवा ऐकलंत.”

“परसों म्हणजे परवाच की,” शेळके म्हणाले.

“तुमच्या गावाकडं. चाचांच्या घरात परसों म्हणजे मागं कधीतरी. त्यांचा तो सडलेला गाडापण परसोंच घेतलाय. बाहेर आहेत, विचारा. दिवाळीचा कंदील, थैलीतला स्वेटर, सगळं सांगतील.”

शेळक्यांनी दाराकडं, मग आवडाबाईंच्या अंगातल्या स्वेटरकडं पाहिलं. ते विचारायला गेले नाहीत. “बरं. समजा माझं चुकलं. मग कासव कुणी नेलं?”

“तेच सांगते. तुमची चूक सरळ होती. एक शब्द ऐकायला चुकलात आणि शुक्रवार तयार झाला. त्याआधी या प्रकरणात शुक्रवार नव्हताच. चाचांच्या डोक्यात नव्हता, आवडाबाईंच्या नव्हता.” ती तुप्यांकडं वळली. “सर, तुमच्याही नव्हता. सकाळी फोनवर तुम्ही मला म्हणालात, थंडी पडल्यापासून बागेकडं फिरकलोच नाही. नंतर अध्यक्षांनी सगळ्यांना सांगितलं की सांडू परवा आला होता. त्यानंतर तुम्हाला आठवलं, की शुक्रवारी तुम्ही कासवाला फुलं दिली.”

तुपे मफलरशी चाळा करत राहिले.

“सांडूनं शुक्रवारी चोरी केली असं ठरायचं, तर शुक्रवारपर्यंत कासव पिंजऱ्यात असायला हवं होतं. ते कुणीतरी पाहिलेलं हवं होतं. ती जागा तुम्ही भरलीत. सर, एवढ्या थंडीत दिवेलागणीला ते फूल खात नाही. मान बाहेर काढत नाही. तुम्ही शिक्षक आहात, खोटं बोलायची सवय नाही. म्हणून दोन फुलं सबंध खाल्ली, असं जास्तीचं सांगितलंत.”

“तुमच्याकडं घट परळात बसतो ना, सर?” शेळके हळूच म्हणाले. “मी आरतीला आलो होतो.”

तुप्यांनी पंप तोंडाला लावला, या वेळी खरंच ओढला, आणि श्वास लागल्यावर म्हणाले, “पैशासाठी नाय नेलं.”

“मग?”

“लेकीची कूस तीनदा रिकामी झाली. तिसऱ्या खेपंला सासरच्यांनी आणून सोडलं. दवाखाने झाले. मग एका महाराजांनी सांगितलं, वीस नखांचं कासव तिच्या अंथरुणाखाली ठेवा, अमावस्येपर्यंत. उघडून बघायचं नाय. रोज फटीतनं फूल टाकायचं. संक्रांतीनंतर खिळ्याची किल्ली घेतली अन् नेलं. अमावस्या झाली की मी परत आणून ठेवणार होतो.” ते आवडाबाईंकडं बघून बोलत नव्हते. “तोवर कुणी गवत उचललं नसतं तर कुणालाच काय कळलं नसतं.”

“अन् माझं पोरगं?” आवडाबाईंनी विचारलं.

“ते आज सकाळी शेळके बोलले, अन् मला वाट दिसली.”

“वाट,” आवडाबाई म्हणाल्या. “सर, त्यो तुमच्याच शाळंत शिकला. पाढे चुकला की उन्हात उभा करायचा तुमी त्येला. चूक नसताना उभं केलं, ह्ये पैल्यांदा.”

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. मेघानं तुप्यांचा दंड धरून त्यांना उठवलं. “घरी चला. आधी कासव.”

७

तुप्यांचं घर दोन गल्ल्या सोडून. आतल्या खोलीत दिवाणावर मोनाली बसली होती. तिला उठवून तुप्यांनी दिवाणाची फळी उचलली. वनखात्याच्या अधिकाऱ्यानं टॉर्च मारला.

पेटीत भुसा होता. वर जास्वंदीच्या फुलांचा थर होता. खालची काळी पडलेली, वरची कालची. कासव नव्हतं.

तुप्यांनी भुसा दोन्ही हातांनी उपसला. “इथंच होतं,” ते म्हणत राहिले. “इथंच होतं. मी रोज फूल टाकत होतो.”

“मी सोडून आले,” दारातून आवाज आला. तुप्यांची बायको पारूबाई. हातात पाण्याचा तांब्या तसाच होता. “परवा.”

मेघानं वळून बघितलं. “परवा म्हणजे? वार सांगा, काकू.”

“शुक्रवार. माझा उपास असतो. हर्सूलच्या देवीला गेले, सकाळी उन्हं वर आल्यावर.”

“मला न इचारता?” तुपे म्हणाले.

“तुम्ही मला इचारून आणलं होतं का?”

मोनाली वडिलांकडं बघून पहिल्यांदाच बोलली. “आईला मी सांगितलं, दादा. ते रात्रभर खरवडायचं माझ्या पाठीखाली. बाहेर काढा, बाहेर काढा, असं. मला सोसंना.”

“कुठं सोडलं, काकू?” मेघानं विचारलं.

“कुठं म्हणजे? तळ्यात. पाण्याचा जीव, पाण्यात सोडला. काठाला ठेवलं अन् हातानं जरा आत ढकललं.”

अधिकाऱ्यानं टॉर्च विझवला.

“काकू, हे जमिनीवरचं कासव आहे,” मेघा म्हणाली. “याला पोहता येत नाही.”

पारूबाईंच्या हातातला तांब्या कलला. पाणी उंबऱ्यावरून बाहेर गेलं, तरी त्यांच्या ते ध्यानात आलं नाही.

हर्सूलच्या तळ्यावर ते पोचले तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. पारूबाईंनी जागा दाखवली: पायऱ्यांच्या डावीकडं, जिथं पाणी ओसरून चिखल उघडा पडला आहे. वनखात्याच्या दोन माणसांनी गळाच्या काठीनं पाणी ढवळलं. हाती शेवाळ आणि नवरात्रातले फुटके परळ आले.

ठसे आवडाबाईंना दिसले. पाण्याच्या कडेपासून दीड हात वर, अर्धवट वाळलेल्या चिखलात, ओढत चालल्यासारखी एक दुहेरी ओळ. मेघा गुडघ्यावर बसली. मागच्या पायाचा एक ठसा स्वच्छ उठला होता. त्याच्या पुढं बारीक टोचे होते. तिनं ते काडीनं मोजले. पुन्हा मोजले.

“पाच,” ती म्हणाली.

ओळ पाण्यातून बाहेर आली होती आणि बाभळींच्या दिशेला गेली होती. कोरडं गवत सुरू झालं तिथं ती संपत होती. पुढं कुत्र्यांच्या पावलांचे ठसे होते, शेळ्यांचे होते, माणसांचे होते.

अंधार पडेपर्यंत शोध चालला. आवडाबाईंनी मेघाच्या पिशवीतली सकाळची मेथीची जुडी मागून घेतली आणि ठसे संपतात तिथं ठेवली. तिकीट म्हणून, असं त्या म्हणाल्या.

शेळक्यांनी तक्रार रात्री दिली. तीत सांडू खरात हे नाव नाही. बन्सी तुपे यांचा जबाब झाला आहे. त्यांनी महाराजांचं नाव सांगितलं. त्या पत्त्यावर कुलूप होतं.

सोमवारी सकाळी शोध पुन्हा सुरू झाला. शोधणाऱ्यांत अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आलेला सांडूही होता. दुपारी, ऊन तापल्यावर, मेथीची जुडी आवडाबाईंनी ठेवली होती तिथंच पण अर्धी खाल्लेली आढळली. शेळीनं खाल्ली की कासवानं, हे कळलेलं नाही. उरलेली पानं मेघानं कुरतडल्याच्या खुणा तपासायला पिशवीत घालून नेली आहेत.